येसूबाईच्या साबणाची एक वडी

येसूबाईनं सुनेचे हात मुद्दाम जाळले, अशी कुजबुज अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात घणसोलीत उठली. मासळीच्या पाटीशी बसणाऱ्या बायांनी तर साबणात तिनं काय कालवलं तेही ठरवून टाकलं. चौकशीची गरज कुणाला वाटली नाही. मला तरी कुठे वाटली होती.

शेतं नव्या शहरात गेली तेव्हा विधवा येसूबाईनं पडवीत साबण करायला घेतला. कारखान्यातल्या माणसांचे तेलकट कपडे त्यानं छान निघत. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, निवला की तेलात ओतून ढवळायचा. वजनाचा काटा नव्हता, नारळाची करवंटी हेच माप. वडी कापली की टोक जिभेला लावायचं. चटका बसला तर सोडा जास्त. मग सगळं किसून, तेल घालून पुन्हा शिजवायचं.

सून जमुना जवळच्या दिवाळे गावची, हसरी. ते हसणंच सासूला टोचे. एकुलता दादू बायकोमागे घर सोडून जाईल, ही एकच धास्ती म्हातारीला होती.

त्या पावसाळ्यात खाडीच्या हवेनं उघड्या पोत्यातल्या सोड्याला पाणी सुटून त्याचा जोर उतरला. वड्या मऊ राहायच्या, वर तेल तरंगायचं. येसूबाईनं तीनच्या चार करवंट्या केल्या आणि जमलं. मग पोतं संपलं. शेजारच्या गोटीरामनं नवं सीलबंद आणून दिलं, सोडा अगदी कोरडा. हिनं सवयीनं चारच ओतल्या.

वडी कापताना चुरा पडला.

"आई, ही येगलीच झालीय. जिभंला लावून बघू?" जमुनानं विचारलं.

"तुजी जीभ भांडाला ठेव. साबनाला माजी हाय."

"मंग तुमी लावा ना."

"उद्या बघीन."

चुरा फुकट जायला नको म्हणून जमुनानं दुपारी घरचे कपडे त्यानंच धुतले. संध्याकाळी तळव्यांची सालं निघाली. दादू बायकोला घेऊन दिवाळ्याला गेला, तो तिथलाच झाला.

पुढं आठ वर्षं येसूबाई एकटी जगली. साबण कुणी घेईना. कुणी तोंडावर टोमणा मारला तरी तिनं खुलासा केला नाही.

खरं एवढंच की तो श्रावणी सोमवार होता. येसूबाईला उपास होता, म्हणून तिनं साबण जिभेला लावला नाही, आणि आपला मान सुनेकडे जाऊ नये म्हणून तिलाही लावू दिला नाही.