मुठीने काढलेली पावलं

महालक्ष्म्या बसतात तेव्हा आमच्या घरी दारापासून देवघरापर्यंत त्यांची पावलं काढतात. ती आईच काढायची. तांदळाच्या पिठाच्या घोळात मूठ बुडवून फरशीवर टेकवायची, वर बोटाने ठिपके द्यायचे आणि उकिडवं बसूनच पुढे सरकायचं. गेल्या वर्षी मी फ्रीगंजच्या बाजारातून पावलांचे स्टिकर आणले आणि स्वतःच चिकटवून टाकले. आई सोफ्यावर बसून बघत राहिली.

हे सगळं मी प्रेमाने करत होतो, म्हणूनच सांगायला जड जातं. तिची पंचाहत्तरी झाली तसा मी तिचा पाट माळ्यावर टाकला, देवघर उंचावर नेलं, हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. माधव नगरातले शेजारी माझं कौतुक करत, आणि मला ते आवडे. पुढे तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले, तेव्हा मी आणखी उंच खुर्ची आणली.

संक्रांतीला आई म्हणाली, "यंदा पावलं मी काढणार."

मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते मनाई करतील, अशी माझी आशा होती. त्यांनी एक्स-रे पाहिला. "उमर के हिसाब से ठीक है." मग आईला हाताची घडी घालून उठायला सांगितलं. तिला उठता येईना.

"माताजी, दिनभर क्या करती हो?"

"बैठी रहती हूँ. बेटा कुछ करने ही नहीं देता."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. वयाने हाडं थोडी विरळ होतात, सांध्यातली गादी झिजते, स्नायू आटतात, हे सगळ्यांचंच होतं, असं त्यांनी समजावलं. पण कामच मिळालं नाही तर स्नायू फार लवकर आटतात. आणि काम दिलं तर या वयातही थोडी ताकद परत येते.

म्हणजे वयाने घेतलं त्याहून जास्त मी घेतलं होतं.

दुसऱ्या सकाळपासून स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग हात न टेकता खुर्चीतून उठणं. खुर्चीवर आधी उशी असे.

"आई, आज उशी काढू?" बायको विचारायची.

"काढ. आणि ह्याला बाहेर पाठव. हा बघत असला की माझे पाय लटपटतात."

मी दाराआड उभा राहायचो, हात पाठीमागे बांधून. माझा व्यायाम तोच होता. खुर्चीनंतर बुटकं स्टूल आलं, आणि पावसाळ्यात माळ्यावरचा पाट खाली आला.

महालक्ष्म्यांच्या दिवशी आई दाराशी उकिडवी बसली. घोळाची वाटी आणि तिचा पाट घेऊन मी तिच्या शेजारी बसून सरकू लागलो. बैठकीच्या मध्यावर ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझा हात पुढे गेला.

"हात मागे घे."

पाटावर टेकून तिने थोडा दम खाल्ला आणि पुन्हा सरकू लागली. देवघरापाशी शेवटचं पाऊल उमटलं. मग एक तळवा पाटावर, एक पाय अंगाखाली, आणि आई उभी राहिली. स्वतःची स्वतः. बायकोने चमच्याने थाळी अशी काही वाजवली की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

मी अजून खालीच होतो. गुडघे आखडले होते, आणि वाटी कुठे ठेवावी तेही कळेना.

"अहो, उठा की! थाळी किती वेळ वाजवू?"

आई पदराने कपाळ पुसत हसली. "उद्यापासून तू पण ये ओट्याशी."

"आधी हात तर दे."

"हात नाही मिळणार. बिना सहारे उठ."

वाटी बाजूला ठेवून मी तळवा पाटावर टेकला, तिने टेकला होता तिथेच. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठलो. थाळी पुन्हा वाजली.