भिंत वाळली होती, चुना कच्चा होता

मॅडमनी भिंतीलगतचं एक पोतं हमालांकडून फिरवून घेतलं. पोत्याची भिंतीकडची बाजू लाल झाली होती. तांबूस वगैरे नाही, विटेसारखी लाल. शिवण उसवली तर आतली हळकुंडंही त्या अंगाला लाल.

"दुसरं फिरवा," मॅडम म्हणाल्या.

दुसरंही लाल. तिसरंही. भिंतीला टेकलेली सगळी रांग तशीच होती.

मॅडम म्हणजे आमचा माल घेणाऱ्या मसाला कंपनीच्या क्वालिटी ऑफिसर. तिशीच्या आतल्या, पण माल बघायची नजर पक्की. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि आमच्या मालकांना, शेठजींना, म्हणाल्या, "रंग सुटलाय. पॉलिश करताना तुम्ही केमिकल कलर घातलाय. पूर्ण लॉट रिजेक्ट. आणि हे मला वर कळवावं लागेल."

हळकुंड पॉलिश करणं म्हणजे वाळलेली हळद फिरत्या ड्रममध्ये घासून तिची खरबरीत साल काढणं. शेवटी चकाकी यावी म्हणून तिच्यावर हळदीचंच पाणी शिंपडतात. लबाडी करणारे याच वेळी रंग घालतात. त्यामुळे मॅडमचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

शेठजी गोडाऊन इन्चार्जकडे वळले. "गौतम, चावी तुझ्याकडं, माल तुझ्या ताब्यात. क्या मिलाया इसमें?"

गौतमराव माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले. आखाडा बाळापूरकडचे. बारा वर्षं चावी त्यांच्या कमरेला होती. ते म्हणाले, "शेठ, मी माल मोजून घेतो आन् मोजून देतो. मिसळायचं काम आमच्या खानदानात कुणी केलं न्हाई."

"मग लाल काहून झाला?"

गौतमरावांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी वसमतजवळच्या त्या हळद प्लँटचा केमिस्ट होतो. बी.एस्सी. केमिस्ट्री, नोकरीला एकवीस वर्षं झालेली. ते असे का पाहत होते हे मला कळलं होतं. ते पुढे सांगतोच. आधी त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, कारण त्याचा अभिमान मला आजही आहे.

"मॅडम, दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. "लिंबू आहे का कुणाकडे?"

लिंबू समोरच होतं, शटरवर टांगलेलं, सात मिरच्यांसोबत.

"ओ साहेब, ते नजरेचं हाय!" शेठजी ओरडले.

"मला चालतंय, मी तोडतो," गौतमराव म्हणाले आणि हात उंच करून त्यांनी लिंबू ओढून काढलं. त्या ताणातही दोन हमाल हसले.

एक लाल हळकुंड घेऊन मी त्यावर लिंबू पिळलं. बघता बघता ते पिवळं झालं. मग आतल्या रांगेतलं चांगलं पिवळं हळकुंड घेतलं, ओलं केलं आणि भिंतीवर घासलं. ते लाल झालं.

मॅडम जवळ आल्या. "परत करा."

मी परत केलं. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं.

हे कुंकू होतं. हळदीत चुना कालवून कुंकू करायची जुनी रीत आपल्याकडे कितीतरी घरांना माहीत आहे. चुना आम्लारी आहे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. हळदीला पिवळेपणा देणाऱ्या पदार्थाच्या रेणूतला हायड्रोजन तो ओढून घेतो. त्यामुळे रेणू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबाचं आम्ल तो हायड्रोजन परत देतं, की रंग पुन्हा पिवळा. बाहेरून घातलेला रंग असं वागत नाही.

तरीही मॅडम लॅबमध्ये आल्या. भेसळीची नेहमीची टेस्ट आम्ही तीन वेगवेगळ्या पोत्यांतल्या सॅम्पलवर केली. हळदीच्या पुडीवर कडक ॲसिड घातलं की गुलाबी रंग येतो. पाणी घातल्यावर तो टिकला तर भेसळ, गेला तर हळद शुद्ध. तिन्ही वेळा गेला.

"मान्य," मॅडम म्हणाल्या. "भिंतीची रांग बाजूला काढा, बाकीचा लॉट घेते. सर, तुम्ही शिकवायला हवं होतं."

शेठजींनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. माल वाचला, प्लँटचं नाव वाचलं आणि गौतमरावांवरचा भेसळीचा आळही गेला. इथपर्यंतची गोष्ट मी पुढे अनेक ठिकाणी सांगितली. आता न सांगितलेली.

जाताना मॅडमनी एक कागद मागितला. "कारण लिहून द्या. नव्या चुन्याच्या भिंतीला पोती लावली कोणी?"

लावायला सांगितली होती मी.

त्याच्या दहा दिवस आधी मीच गोडाऊनला चुना मारून घेतला होता. मॅडम येणार म्हणून घाई होती. भिंत लवकर वाळावी यासाठी मी दोन मोठे पंखे लावले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर हात फिरवला, हाताला ओल लागली नाही. चेकलिस्टवर 'भिंत कोरडी' असं लिहून सही केली. माल जास्त आला होता. एरवी भिंतीपासून हातभर जागा सोडतो, त्या दिवशी ती सोडायला जागा नव्हती. मी गौतमरावांना म्हणालो, "लावा भिंतीला. वाळलीय."

ते म्हणाले होते, "वाळली व्हय साहेब. पण मुरली न्हाई."

"म्हणजे?"

"पंख्यानं चुना वाळतो, मुरत न्हाई. त्याला रोज थोडं पाणी पाजावं लागतंय, हवा खाऊ द्यावी लागती. मी पोरगं असल्यापासून बापासंगं चुना मारलाय. आठ दिवस तरी थांबा."

"गौतमराव, केमिस्ट तुम्ही का मी?"

"तुमी," ते म्हणाले आणि पोती लावून घेतली.

आता यातली केमिस्ट्री बघा, म्हणजे माझी चूक किती लाजिरवाणी होती ते कळेल. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पक्क्या बंधाने जोडलेले असतात. पण एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड सैल असते. भिंत वाळते तेव्हा ही सैल पकड सुटते, पाणी वाफ होऊन जातं, पण पाणीच राहतं. हा भौतिक बदल. चुना मुरतो तेव्हा वेगळंच घडतं. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो आणि विरतो. तोच आपण भिंतीला मारतो. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, जुने बंध तुटतात, नवे बनतात आणि पुन्हा दगड तयार होतो. हा रासायनिक बदल. त्याला हवा लागते, वेळ लागतो आणि थोडी ओलही लागते. पंख्यांनी मी नेमकी ती ओलच पळवली होती. भिंत हाताला कोरडी होती, पण चुना कच्चाच होता. पॉलिश केलेल्या मालाचा दमटपणा बारदानातून बाहेर आला, कच्च्या चुन्याला भेटला आणि कुंकू झालं.

भौतिक आणि रासायनिक बदल हा नववीच्या आधीच शिकवतात तो धडा. प्लँटमध्ये नवे ट्रेनी आले की त्यांचा पहिला तास मी याच विषयावर घ्यायचो. गौतमरावांनी मला तोच फरक दोन शब्दांत सांगितला होता, आणि मला तो ऐकूही आला नव्हता.

मॅडमच्या कागदावर मी लिहिलं, "चुना नवीन असताना गोडाऊन विभागाकडून पोती भिंतीस लावण्यात आली." वाक्य खोटं नव्हतं. त्यात मी नव्हतो, एवढंच.

तो कागद वाचून दुसऱ्या दिवशी शेठजींनी गौतमरावांची चावी काढून घेतली, गोडाऊनमध्येच, हमालांसमोर. त्यांना गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. मी लॅबच्या खिडकीतून पाहत होतो. गौतमरावांनी चावी कडीतून सोडवली आणि टेबलावर ठेवली. ते माझं नाव घेतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी घेतलं नाही.

पुढे लिंबाची गोष्ट गावभर झाली. विज्ञान दिनाला शाळा मला बोलवायच्या. वसमत, कुरुंदा, कळमनुरी. मी सोबत हळकुंडं, चुना, लिंबू न्यायचो. लेकरं टाळ्या वाजवायची. त्या गोष्टीत 'एका निष्काळजी गोडाऊनवाल्याने' पोती भिंतीला लावलेली असायची. दरवर्षी मी ते बोललो. रिटायर झालो तरी बोलत राहिलो.

गेल्या वर्षी अशाच एका शाळेतून परत येताना वसमतच्या बसस्टँडवर गौतमराव भेटले. तेही रिटायर झाले होते. केस पांढरे, शर्टाची इस्त्री मात्र पहिल्यासारखी कडक. त्यांनी माझी पिशवी पाहिली. वरून लिंबं दिसत होती.

"साहेब, अजून लिंबू पिळूनच राहिलात का?"

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

"नातीच्या शाळेत आलता तुमी," ते म्हणाले. "घरी येऊन सांगत होती, गोडाऊनवाला येडा होता म्हणून. मी म्हणलं, आसंल बाई."

"तुम्ही तिला खरं का नाही सांगितलं?"

"मी सांगून काय उपेग? कागद तुमचा हाय."

बाळापूरची बस आली आणि ते चढून गेले.

दोन दिवसांनी मी प्लँटवर गेलो. शेठजी आता थकलेत, पण रोज येऊन बसतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं.

"आता काहून उकरून राहिलात हो? फाईलसुद्धा उधळीनं खाल्ली असंल."

"चावी तर उधळीनं नाही ना नेली. ती तुम्ही काढून घेतली, माझ्या कागदावरून."

"मग आता काय करू म्हणता? माणूस रिटायर झाला. चावी देऊ परत?"

"ते त्यांनाच विचारू."

शेठजींनी स्वतः फोन लावला, स्पीकरवर. गौतमरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चावी नको शेठ, आता सोसायची न्हाई. पण खरा कागद लिहा, आन् चावी जिथं काढली तिथंच वाचा. हमाल असले पाहिजेत."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बसून मी लिहिलं. चारच ओळी. आयुष्यात मी शेकडो रिपोर्ट लिहिले असतील. इतका चोख एकही नव्हता. "चुना कच्चा असताना पोती भिंतीला लावायला मी सांगितलं. चुना मुरलेला नाही हे गौतमरावांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांचं बरोबर होतं. कारण लिहिताना मी माझं नाव लपवलं, त्याची शिक्षा त्यांना झाली."

सोमवारी सकाळी गोडाऊनमध्ये उभं राहून मी ते मोठ्याने वाचलं. जुन्या हमालांपैकी पाच-सहा जण अजून होते. गौतमराव नातीला घेऊन आले होते. ओळ एकही गाळली नाही. एक म्हातारा हमाल म्हणाला, "आमाला ठावंच होतं की. फक्त तुमालाच ठावं नव्हतं आमाला ठावं हाय ते." सगळे हसले. या वेळी गौतमरावही हसले. नातीने माझ्या हातातला कागद मागून घेतला आणि नीट घडी करून दप्तरात ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती आजोबांकडे पाहत होती.

शेठजींनी गौतमरावांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात परत चुना मारायचाय. मुरला का न्हाई हे कळावं कसं? दरवेळी तुला बाळापूरहून बोलवू?"

गौतमराव उठले. शेजारच्या फाटक्या पोत्यातून चिमूटभर हळद घेतली, चहाबरोबर आलेल्या पाण्यात बोट बुडवून कालवली आणि म्हणाले, "हे बोट भिंतीला लावायचं. लाल झालं, थांबा. पिवळं राहिलं, लावा पोती."

हे अचूक आहे. मुरलेल्या चुन्यात हळद लाल करण्याइतका जोर उरत नाही. आता प्लँटच्या चेकलिस्टवर 'भिंत कोरडी' हा रकाना नाही, 'हळदीचं बोट' असा रकाना आहे आणि कंसात गौतमरावांचं नाव आहे.

त्या तिसऱ्या दिवशी बी.एस्सी.ची डिग्री आणि एकवीस वर्षांचा अनुभव घेऊन मी हळदीने छतापर्यंत भरलेल्या गोडाऊनमध्ये उभा होतो, आणि भिंत तपासायला मी वापरला होता कोरडा हात.