इंजिन बंद ठेवून आलेल्या गाड्या

भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, फुप्फुसांचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी बिडी-सिगरेटचं विचारलं. भाऊजींनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. पाटबंधारे खात्यात टेबलावरची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मग डॉक्टरांनी विचारलं, धुळीचं काही काम करता का?

ताई म्हणाली, "यायची ती जुनी गाडी आहे न, तिचंच काम."

ती गाडी विलायती होती, भाऊजींच्याही जन्माआधीची. उमरेडकडच्या एका मालगुजारांच्या गोठ्यात पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. भाऊजींनी ती ट्रॅक्टरला बांधून नागपूरला आणली आणि अंगणात टिनाचं शेड टाकून उभी केली. तेव्हा ताईचं लग्न नवीन होतं. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि शेडमध्ये जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. पत्रा ठोकणं, वायरिंग, सीटची शिलाई, सगळं स्वतः करायचे. ब्रेकचे जुने पट्टे कानशीने घासायचे आणि तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवायचे. मी तिथेच स्टुलावर बसून गप्पा मारायचो. त्या पट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची भुकटी फुप्फुसांत रुतून बसते, हे आम्हाला दवाखान्यात समजलं. डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. ताईने मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घरी आल्याबरोबर तिने शेडला कुलूप लावलं.

शहरात जुन्या गाड्यांचा क्लब आहे. तो सुरू करणाऱ्या चार-पाच जणांपैकी भाऊजी एक. बाकीचे बंगलेवाले, ड्रायव्हर ठेवणारे. नखांत काळं घेऊन येणारे हे एकटेच. कोणाचं कार्ब्युरेटर बिघडलं की रविवारी सकाळी यांना फोन यायचा, आणि हे पोहे अर्धे टाकून निघायचे. एका सभासदाच्या मुलीची वरात भाऊजींच्या गाडीतून निघाली, तेव्हा स्वतःच्या मुलीच्या लग्नात लावला नसेल इतका त्यांनी जीव लावला होता. हे मी नाही, माझ्या भाचीनेच म्हटलं होतं. ती आता दूर असते.

आजार वाढत गेला. आधी जिना सुटला, मग फाटकापर्यंत जाणं सुटलं. हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची घरघर दिवसभर चालायची. मी गेलो की भाऊजी हळूच म्हणायचे, "चावी माग न गा तिले. मी आत जात नाही. फक्त पाहून येतो."

मी ताईला म्हणायचो. ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "काहून? अजून उरलं काय त्यायच्यात, जे त्या गाडीले द्यायचं आहे?"

जानेवारीत क्लबची वर्षाची फेरी असते. सिव्हिल लाइन्समधून सगळ्या गाड्या ओळीने निघतात. भाऊजींनी एकही फेरी चुकवली नव्हती. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढचा हिवाळा ते पाहतील असं वाटत नाही. ते ताईला माहीत होतं. तिने एके दिवशी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "एकदा नेऊन आण त्यायले. गाडी तू चालव."

ती गाडी चालवणं सोपं नव्हतं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. भाऊजींनी शेजारी बसून, दोन शब्दांमध्ये दम घेत, मला शिकवलं. चुकलो की रागवायचे, आणि रागवलं की खोकल्याची उबळ यायची. मग मी गाडी बाजूला घेऊन उबळ थांबायची वाट बघायचो.

फेरीच्या दिवशी ताईने त्यांना कोट घातला, गळ्याला मफलर गुंडाळला. नाकात नळी, पायाशी छोटं सिलिंडर. आम्ही पोहोचलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत जवळ आले. कोणी पाया पडलं. मग क्लबचे सचिव आले. निवृत्त वकील, भाऊजींचे जुने दोस्त. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, हे सिलिंडर गाडीत?"

"त्याच्याशिवाय येता नाही येत आता."

सचिवांनी खिडकीची कड धरली. मग म्हणाले, "पेट्रोलची गाडी, इतकी जुनी, आणि आत ऑक्सिजन. ओळीत मागेपुढे लोक राहतील, लहान पोरं राहतील. मी कसं हो म्हणू, तुम्हीच सांगा."

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर काचेतून पाहत मला म्हणाले, "घे वळवून."

वळवताना गिअर अडकला. सगळे बघत होते. भाऊजींनी हात पुढे करून दांडा एकदा नीट बसवून दिला. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

घरी आल्यावर ते कोट न काढता खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "बरोबर आहे त्यायचं. मी सचिव असतो तर मीही नसतं जाऊ दिलं." त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. जेवणही कमी केलं.

सचिवांना ते लागलं असावं. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी ताईला फोन करून गाड्या घरी आणू का विचारलं, आणि एका रविवारी सकाळी क्लबचे लोक आले. गाड्यांच्या धुराने भाऊजींना त्रास होईल म्हणून त्यांनी मोठ्या रस्त्यावरच इंजिनं बंद केली. गल्लीतून गाड्या ढकलत आणल्या. एक जण स्टिअरिंगवर, तीन-चार जण मागून जोर लावत. साठी ओलांडलेली माणसं, घामेजलेली, स्वेटर कमरेला बांधलेले. शेजारचे लोकही हात लावायला आले. भाऊजी व्हरांड्यात खुर्चीवर होते, हॉलमधल्या मशीनची लांब नळी नाकात. त्यांच्यासमोरून एकेक गाडी सरकत गेली. चाकांखाली गिट्टी करकरत होती, आत मशीन घरघरत होतं, बाकी काही नाही. मयत चालल्यासारखं वाटत होतं.

"चालू करा न गा एक तरी," भाऊजी म्हणाले.

"धूर होईल, भाऊ."

"होऊ द्या."

सचिवांनी ताईकडे पाहिलं. तिने मानेनेच हो म्हटलं. मग तीन-चार जणांनी एका सभासदाची गाडी परत ढकलत गल्लीच्या पार टोकाला नेली, मोठ्या रस्त्यावर, आणि तिथे सुरू केली. आवाज अगदी क्षीण येत होता. भाऊजींनी डोळे मिटले आणि मशीन बंद करायला खुणावलं. ताईने थोडा वेळ बंद केलं.

"मिसिंग आहे," ते म्हणाले. "एक ठोका चुकून राहिला. प्लग पाहायले सांगा त्याले."

सचिव हसले आणि लगेच तोंड फिरवून फाटकाकडे गेले.

मार्च लागता लागता भाऊजी गेले. अंघोळ घालून ताईने त्यांना खुर्चीत बसवलं होतं. ती टॉवेल वाळत घालून आली तोवर सगळं संपलं होतं. घाटावर क्लबचे बहुतेक सगळे आले, पण स्कूटरने आणि रोजच्या गाड्यांनी. ताईने तसं सांगितलं होतं.

तेराव्यानंतर सचिव म्हणाले, गाडी क्लब सांभाळेल, त्यांच्या नावाने दरवर्षी फेरीत काढू. ताईने नाही म्हटलं. "मले या शहरात ती पुन्हा दिसू नये," एवढंच ती बोलली. रायपूरच्या एका माणसाने गाडी घेतली. तो ट्रक घेऊन आला, फळ्या लावून गाडी वर चढवली. ताई आतच राहील असं मला वाटलं होतं, पण ती बाहेर आली आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाली, "तोंडाले कपडा बांधून काम करत जा, दादा." त्याला काही समजलं नाही. तो हो म्हणाला.

ट्रक गेल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. घाटावर, तेराव्याला, कुठेच न रडलेली ताई तेव्हा रडली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "इतकी वर्षं भांडले रे मी त्या गाडीशी. आता दिवसभर काय करू मी?"

मी उठून चहा ठेवला.