खुशालभाऊंचा दुसरा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कारखान्याचं वर्णन करून उठलो. आता फार थकलो आहे – न सांगण्याचाही थकवा येतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील मौद्याकडून नागपुरात आले, जन्मभर हमाली केली. सक्करदऱ्याला आमच्या शेजारी खुशालभाऊ राहतात. एका कारखान्यात जड सामान उचलणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. त्यांनीच मला तिथे चेनपुलीवर, म्हणजे ओझं चढवायच्या-उतरवायच्या साखळीवर, लावून दिलं. दिवसभर साखळी ओढायची, संध्याकाळी कॉलेज. टोळीतले चिडवायचे, "साहेब, साखळी इंग्रजीत ओढता का मराठीत?" खुशालभाऊ म्हणायचे, "हसू दे गा त्याईले. तू शीक."

टोळीचा एक नियम होता. ओझं खाली घेताना मुकादम त्याखालचे लाकडी गुटके हाताने सारखे करतो. मग दोन्ही हात बाहेर काढून वर दाखवतो आणि "आरिया" म्हणतो – म्हणजे उतरव. दोन्ही हात दिसल्याशिवाय साखळी हलवायची नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं होतं.

त्या दिवशी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. कॉलेजची खिडकी पाचला बंद व्हायची. साडेचार होऊन गेले होते आणि मशीनचा ओतीव लोखंडी पाया गुटक्यांच्या चार बोटं वर लोंबत होता. खुशालभाऊ वाकून गुटका सरकवत होते. मी पाय बदलत उभा. "काहून घाई करून राहिला गा? थांब जरा," ते वर न पाहताच म्हणाले. मग त्यांचा डावा हात बाहेर आला.

उजवा आला नव्हता. मला दिसत होतं – हे एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. येतोच आहे, असं वाटलं. मी साखळी ओढली.

त्यांची तीन बोटं गेली.

इथेच थांबलो असतो तर याला चूक म्हणता आलं असतं. पण मी थांबलो का? मी साखळी ओढली तेव्हा बाकीचे दुसरं ओझं बांधत पाठमोरे होते. कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावलं, कागद पुढे केला. तू शिकलेला आहेस, काय झालं ते लिहून दे, म्हणाले. मी लिहिलं – मुकादमाने आरिया म्हटलं, साखळी ओढल्यावर त्याने पुन्हा आत हात घातला. काम सुटेल, कॉलेज सुटेल, याची भीती होती. तरी अक्षर वळणदार आलं. मी ऱ्हस्व-दीर्घही तपासले.

तो कागद दवाखान्यात त्यांना वाचून दाखवला तोही मीच. ते छताकडे पाहत ऐकत राहिले. "मले तं काहीच आठोत नाही गा," म्हणाले. "पण तू लिहिलं म्हणजे तसंच झालं असन." प्रौढांच्या वर्गात जाऊन ते सही करायला शिकले होते – उजव्या हाताने. त्या दिवशी त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई मी लावली.

त्यांची मुकादमी गेली. आता ते कारखान्याच्या गेटवर राखणीला बसतात. आणि फॉर्म? तो कॉलेजने दुसऱ्या दिवशीही घेतला.

यंदा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. मागच्या महिन्यात टोळीत चार नवी माणसं आली. मी त्यांना आत नेत होतो, तर खुशालभाऊंनी गेटवरच थांबवलं आणि अंगठा न् करंगळी उरलेला हात वर धरला.

"पाहून घ्या. आरिया म्हटल्यावर म्या हात घातला. चूक माहीच होती, तुमी नका करू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं वाटत असन तं इचारा याले. हा होता साखळीवर."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली – हो म्हणून.