जामलीच्या पाठीवरची जखम

या सदरात लोक जे लिहितात ते मी बहुतेक वेळा अर्ध्यावरच सोडते... राग मानू नका, पण खरं ते सांगितलं. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. माणसं मरताना पाहिली, गेलेल्यांना पुसून-धुऊन नातेवाइकांच्या स्वाधीन केलं. त्यातलं एकही कधी परत आलं नाही. आमच्या कामात वास आला की त्याला कारण असतं, ताप चढला की त्यालाही असतं. करणी, नजर, बाहेरचं — या शब्दांवरून पेशंटच्या घरच्यांशी मी कडाकडा भांडलेय. आजही भांडेन.

तरी एक गोष्ट आहे. धाकटी बहीण सोडली तर कुणाला सांगितलेली नाही. परवा तीच म्हणाली, "अक्का, लिहून काढ. तुझ्यामागे कोण सांगणार?"

लढाईचे दिवस होते. मी चोवीस वर्षांची, विधवा, पुण्याला नर्सिंग शिकून पश्चिम खानदेशात तळोद्याला आले. एका मारवाडी शेठजींनी आईच्या नावाने बांधून दिलेला धर्मादाय दवाखाना होता. मधे भिंत, अलीकडे बायकांच्या चार खाटा, पलीकडे पुरुषांच्या चार. भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे ऐकू जायचं. एक डॉक्टरसाहेब, मी, आणि धनाबाई. धनाबाई पन्नाशीची, तळोद्याचीच, बोलायची अहिराणी. पण डोंगरातल्या लोकांची भाषाही तिला येत असे. मला दोन्ही येत नव्हत्या. पेशंट काय म्हणतो ते धनाबाई सांगेल तेव्हा मला कळायचं.

चैत्रात रुमाल्याला आणलं. पावरा आदिवासी, तिशीचा, अक्राणीकडच्या डोंगरातला. कड्यावरचं मोहोळ काढताना खाली पडला आणि कणा मोडला. भावांनी बांबूला झोळी बांधून दोन दिवस चालत त्याला खाली आणलं. त्याआधी चार दिवस तो घरात उताणाच पडून होता. बेंबीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी नाही.

मी त्याला कुशीवर केलं आणि पाहिलं. माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम. उजव्या टाचेवर एक, ढब्बू पैशाएवढी.

डॉक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, कण्याचं मी काही करू शकत नाही. हा जगला तर तुमच्या हातून जगेल. ती पाठ सांभाळा."

मी कंबर कसली. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उजवी, मग पालथं. औषधं सगळी फौजेकडे चाललेली, साधा कापूस मिळत नव्हता. जुनी धोतरं उकळून त्यांच्या पट्ट्या केल्या. मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मेलेलं मांस चिमट्याने काढायचं. आठवड्यातून एकदा पुसलेला मेणकागद जखमेवर धरून कडेने पेन्सिल फिरवायची, म्हणजे ती वाढतेय की आवळतेय ते कळतं. त्यामुळे तिचा आकार मला तोंडपाठ झाला होता. कोयरीसारखी, आणि डाव्या कडेला दात लावल्यासारखी एक खाच.

एवढं करूनही ती खोलच चालली होती. तळाला पांढरं हाड दिसू लागलं.

त्याची बायको, जामली, त्याच्यासोबत आली होती. पंचविशीची, काटक, फार कमी बोलणारी. घरी तीन वर्षांची मुलगी सासूजवळ, शेरडं शेजाऱ्यांकडे. आठ दिवसांनी तिला परतावं लागलं. निघायच्या सकाळी मी ड्रेसिंग उघडलं होतं. ती आली आणि मी हां-हां म्हणेपर्यंत तिने आपला उघडा तळहात जखमेवर ठेवला... नुसता टेकवला नाही, दाबून धरला. तोंडाने काहीतरी पुटपुटली.

मी तिचा हात झटकला. "धनाबाई, तिला सांगा, असं हात लावायचा नाही! पू वाढेल!"

धनाबाई सांगायचं सोडून तिच्याकडे बघतच राहिली.

"काय म्हणाली ती?"

"ती म्हनस, आर्धं माले दे."

मला वाटलं, नवऱ्याच्या भाकरीतली मागतेय. मी तिच्या वाटेसाठी दोन भाकरी बांधून दिल्या. तिने त्या घेतल्या आणि गेली.

त्या आठवड्यात जखम थांबली.

पुढच्या आठवड्यात मेणकागद धरला तर पेन्सिलीची रेघ बोटभर आत आली होती. जखमा भरतात कशा ते मला ठाऊक आहे — दाण्यादाण्याने, तळातून, आठवड्याला फार तर गव्हाएवढ्या. ही रोज भरत होती. हाड झाकलं गेलं. लालबुंद मांस वर आलं. टाचेची खपली एका सकाळी आपसूक सुटली, खाली नवी कातडी. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, हे तुमच्या मेहनतीचं फळ." मी खरं मानलं. का मानू नये? हात माझेच दुखत होते.

महिनाभराने बाजाराच्या दिवशी जामली आली. दुपार होती. नवऱ्याजवळ खाटेपाशी उभी राहिली, त्याच्या केसांवरून हात फिरवत. तासाभराने मी पाहिलं तर तशीच उभी.

धनाबाई माझ्या कानाशी लागली. "बाई, हाई आल्यापाईन उभीच शे. बस म्हनं ते बसत नही."

मी जवळ गेले आणि मला वास आला.

बेडसोअरचा, पडून पडून होणाऱ्या जखमेचा, वास दुसऱ्या कशासारखा नसतो. तो रुमाल्याचा असता तर मला नवल वाटलं नसतं, पण त्याची जखम आता स्वच्छ होती. वास बायकोला येत होता.

मी तिला बायकांच्या बाजूला नेलं आणि पडदा ओढला. ती लुगडं सोडू देईना. धनाबाईने बरंच समजावलं, शेवटी तिने पाठ केली. लुगडं जखमेला चिकटलं होतं, पाण्याने भिजवून सोडवावं लागलं.

माकडहाडावर... कोयरीसारखी. डाव्या कडेला खाच.

धनाबाई भिंतीला टेकली. "बाई, हाई तेच शे," एवढंच म्हणाली.

माझे हात शिकवल्याप्रमाणे काम करत राहिले. वहीतला पहिल्या दिवसांचा मेणकागद काढला, तिच्या पाठीवर धरला. कड कडेवर बसली. खाच खाचेवर. मग पाय उचलून पाहिला. उजवी टाच. ढब्बू पैसा.

अहो, ही जखम पडून राहणाऱ्या माणसाला होते. हाड आणि अंथरूण यांच्यामधे मांस चेंगरून मरतं म्हणून होते. ही बाई दोन दिवस डोंगर उतरून, फाटक्या टाचेने चालत आली होती!

"दुखतं का? विचारा तिला."

धनाबाईने विचारलं. जामलीने मान हलवली. नाही.

मी चिमट्याने कडेचं मांस हळूच धरलं. ती हलली नाही. थोडं खोल गेले. तरी नाही. मग तळाशी, जिथे कुठलाही माणूस ओरडेल तिथे, चिमटा टेकवला—

आणि भिंतीपलीकडे रुमाल्या किंचाळला.

मी धावत तिकडे गेले. तो खाटेची लोखंडी कड धरून कापत होता, घामाने थबथबलेला. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. धनाबाईने त्याला विचारलं तेव्हा तो पाठीमागे हात नेत होता. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याला तिथे दुखलं होतं.

डॉक्टरसाहेबांना बोलावलं. त्यांनी जामलीची पाठ पाहिली, मेणकागद पाहिला. मग म्हणाले, "डाग दिला असेल कुणीतरी. डोंगरात देतात तापल्या लोखंडाने."

"डागाची कड अशी आतून पोखरलेली नसते, साहेब."

"मग काय म्हणायचंय तुमचं?"

जामलीला भिंतीच्या अलीकडच्या खाटेवर ठेवून घेतलं. अंगात ताप होता. नवऱ्यासारखंच तिलाही कुशीवर, पालथं करू लागले. इकडची खाट, तिकडची खाट. त्याची जखम रोज भरत होती. तिची रोज खोल जात होती... पाचव्या दिवशी तिच्या पाठीत मला हाड दिसलं.

रुमाल्यापासून लपवलं होतं, पण भिंत अपुरी. त्याने धनाबाईला खोदून खोदून विचारलं आणि तिने सांगून टाकलं. मग ती दोघं भिंतीच्या दोन्हीकडून बोलू लागली. आवाज चढला नाही. तो काहीतरी म्हणे, मग तिचं एखादं वाक्य.

"काय म्हणताहेत?"

"तो म्हनस, मन्हं माले परत दे. तू तं आर्धं मांगेल व्हतं."

"आणि ती?"

धनाबाईने पदर तोंडाशी धरला. "ती म्हनस, माले आर्धामा थांबता येत नही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब औषधांची पेटी सोडवायला नंदुरबार स्टेशनला गेले. त्या दिवशी दुपारी बाराला मी रुमाल्याची कूस बदलायला गेले तर तो उताणा झाला होता. कंबरेखाली जीव नसलेला माणूस, नुसत्या हातांच्या बळावर. दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून ठेवलेल्या. मी खांद्याला हात घातला. त्याने मान हलवली.

"धनाबाई, दुसरीकडून धरा. ओढून फिरवू."

धनाबाई पुढे आली नाही. "बाई, त्याले हात नका लावा."

"वेड लागलंय का तुम्हाला? सगळी भरलेली जखम फुटेल!"

"त्याले तेच जोयजे."

भिंतीअलीकडे जामलीचा ताप एकशेचारवर होता. नाडी बोटाला सापडून सुटत होती. ओठ कोरडे, हाक मारली तरी ओ नाही. मी असे पेशंट पाहिले होते. ती संध्याकाळ काढेल असं मला वाटत नव्हतं.

मला पुण्यात पहिल्या वर्षी शिकवलेलं — पेशंटने शिव्या दिल्या, मारलं, तरी कूस बदलायची. ते मी कधीच मोडलं नव्हतं. मी पुन्हा त्याच्या खांद्याला हात लावला. तो नुसतं माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं.

मी हात काढून घेतला.

स्टूल घेऊन मधल्या भिंतीतल्या दारात बसले, जिथून दोघंही दिसत. दोन वाजले. उठले नाही. चार वाजले. धनाबाई जामलीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती. रुमाल्याच्या कपाळाची शीर तटतटलेली, पण हात सुटले नाहीत. सहा वाजता ऊन व्हरांड्यातून उतरलं तेव्हा धनाबाईने मला हाक मारली. जामलीला घाम फुटला होता. ताप उतरत होता. मी चादर बदलताना तिची पाठ पुसली आणि ती कळवळून ओरडली.

तिला दुखलं होतं. जखम दुखते म्हणजे तिथलं मांस जिवंत आहे... मी तिथेच रडायला लागले.

रुमाल्याच्या पाठीखालची चादर तोवर ओली झाली होती.

रोजच्या वहीत मी लिहिलं — बारा, दोन, चार, सहा, कूस बदलली. नोकरीत खोटं लिहिलं ते त्या एकाच दिवशी. डॉक्टरसाहेब परतले, त्याची फुटलेली पाठ पाहिली, वही पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रुमाल्या मला मुकाट कूस बदलू द्यायचा. मी जीव तोडून केलं. काही उपयोग झाला नाही. तिची जखम भरत गेली, त्याची उघडत गेली. त्याला पुन्हा काही दुखलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला.

भाऊ आले, तीच बांबूची झोळी घेऊन. जामली आता उभी राहू शकत होती. तिच्या पाठीवर कोवळी गुलाबी कातडी धरली होती. निघण्याआधी ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, हात जोडेल. तिने तसं केलं नाही. धनाबाईकडे बघून एकच वाक्य बोलली.

धनाबाई सांगेना. मी म्हटलं, "सांगा, काय आहे ते."

"ती इचारस, बाई... तुम्ही त्याले का बरं नही फिरवं?"

मी म्हटलं, त्यानेच नको म्हटलं होतं. धनाबाईने ते तिला सांगितलं की नाही मला कळलं नाही. तोवर ती झोळीमागे चालू लागली होती.

पुढे अनेक डॉक्टरांना मी हे प्रकरण नावं न घेता, आडून आडून विचारलं. कुणी म्हणालं जंतूचा संसर्ग, कुणी म्हणालं मनाचा परिणाम. एक जण हसला. मेणकागद बदलीच्या गडबडीत हरवला, नाहीतर दाखवला असता. जखम एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर कशी गेली याचं उत्तर माझ्याकडे नाही. मिळेल अशी आशाही राहिलेली नाही. जामलीने विचारलं त्याचं उत्तर तरी द्यायला हवं होतं. तेही अजून देता येत नाही.