मल्लूचं फोल्डर

मल्लिनाथ गेला तो गुरुवार होता. सोलापूर-हैदराबाद हायवेवर, जळकोटच्या अलीकडे अपघात. फोन दुपारी आला. मी वर्गात होतो.

मल्लिनाथ म्हणजे मल्लू, माझा धाकटा भाऊ. मी उमरग्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. या साइटवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण करमणूक म्हणून. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं ते फक्त लिहून ठेवतो.

मल्लूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घरी जिन्याखाली त्यानं एक जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवून त्याचा सर्व्हर केला होता. घरातले फोटो, व्हिडिओ सगळे त्यावर, आणि ते वाय-फायवरून अव्वाच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसत. अव्वा म्हणजे आमची आई. गुडघ्यांमुळे तिचं शेतात जाणं बंद झालं, तेव्हापासून मल्लू दरवर्षी तिच्यासाठी येळवस रेकॉर्ड करून आणायचा.

येळवस आमच्या भागाबाहेर फारशी माहीत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून आत पूजा मांडतात, ताकातली आंबील, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे खातात. मग एकजण आंबील शिंपडत उभ्या पिकाला फेरी घालतो आणि कानडीत मोठ्यानं आरोळी देतो. आमच्या शेतात ती आरोळी मल्लूची. कॅमेरा माझ्याकडे. एकदा मी म्हटलं, या वर्षी मी देतो, तर म्हणाला, "दादा, तू कॅमेराच धर. तुझ्या आवाजानं ज्वारीला झोप लागंल."

हे सगळे व्हिडिओ त्याच्या फोल्डरमध्ये होते. त्या फोल्डरला त्यानं वेगळा पासवर्ड लावून तो टीव्हीत स्वतःच भरून ठेवला होता. आम्हाला कुणालाच तो माहीत नव्हता, आणि कधी लागलाही नाही.

तो गेल्यावर काही महिन्यांनी सर्व्हरच्या पानावर लाल सूचना यायला लागली — फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपग्रेड करा. मल्लू असता तर त्यानं केलं असतं, म्हणून मी केलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर 'सर्व्हर सापडत नाही'. राउटर बंद करून चालू केला, केबल बदलली, आयपी अॅड्रेस तपासला. सगळं ठीक होतं. नेटवर वाचत बसलो तेव्हा कळलं, जुने टीव्ही ज्या पद्धतीनं सर्व्हरशी बोलतात ती पद्धत नव्या सॉफ्टवेअरनं बंद केलीय. सेटिंगमध्ये शोधून ती पुन्हा चालू केली. सर्व्हर दिसला. माझं फोल्डर उघडलं, बायकोचं — सुनंदाचं — उघडलं. मल्लूचं उघडेना; टीव्हीत भरलेला त्याचा पासवर्ड या खटपटीत पुसला गेला होता. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा.'

मग सुचतील ते पासवर्ड टाकले. अव्वाचं नाव, गाडीचा नंबर, शेताचा गट नंबर. सॉफ्टवेअर मागे नेऊन पाहिलं, ते जाईना. सोलापुरातल्या एका जाणकारानं सांगितलं, "सर, फोल्डर एन्क्रिप्ट केलंय. पासवर्डशिवाय कुणीच उघडू शकणार नाही."

अव्वा मला बसू म्हणते. ती रोज विचारायची. "लागलं का रं, बसू?"

"नाही अव्वा."

"इतकी पुस्तकं वाचलास, आन् भावाची एक पेटी उघडंना व्हय तुला?"

तिला राग आला नव्हता. तिला फक्त येळवशीच्या दिवशी तो बघायचा होता. त्याचे फोटो होते, पण चालता-बोलता मल्लू त्या फोल्डरशिवाय कुठंच नव्हता.

येळवस आली. दुःखाचं वर्ष, म्हणून मी म्हटलं, या वर्षी राहू दे. अव्वा म्हणाली, "पिकाला काय ठावं कोन गेलं ते? जा. पूजा करून ये."

अव्वाजवळ सुनंदा थांबली. मी आणि चुलतभाऊ शिवा, दोघंच गेलो. फोन मुद्दाम घरी ठेवला. रेकॉर्ड करायचं नव्हतं.

पूजा झाली. मडकं घेऊन मी पुढं निघालो, शिवा मागं. पहिली आरोळी दिली ती कशीबशी निघाली. दुसरी अर्धीच. पूर्वेच्या बांधाजवळ आलो. ज्वारीतच खाली बसलो. आंबील मांडीवर सांडली. किती वेळ रडलो, ठाऊक नाही. शिवा एवढंच म्हणत होता, "दादा, उठा की. दादा..." मग उठलो आणि फेरी पुरी केली. घरी काही सांगायचं नाही, असं शिवाकडून कबूल करून घेतलं. तो बांधावरूनच त्याच्या घरी गेला.

मी दिवस मावळायच्या आत घरी आलो. दारात सुनंदा म्हणाली, "अहो, झालं का शेवटी सुरू? मघाशी भावजींची आरोळी ऐकली मी स्वयंपाकघरातून. सांगितलं पण नाहीत."

मी काहीच सुरू केलं नव्हतं.

आत अव्वा पलंगावर बसली होती. टीव्ही चालू, पडदा निळा. मला बघून म्हणाली, "आलास? मल्लू लागला हुता. छान दिसला. ज्वारी बी चांगली हाय यंदा."

"मागच्या साली काढलेला असेल, अव्वा."

"न्हाय रं. तू हुतास की त्यात."

मी त्या व्हिडिओंत कुठंच नाही. कॅमेरा माझ्याच हातात असायचा.

"तू मधीच खाली बसलास," ती म्हणाली. "लई रडलास. मल्लू म्होरं गेलता, त्यो माघारी आला. बांधावर हुबा ऱ्हायला. तू उठस्तोवर हालला न्हाय."

माझ्या धोतराला आंबील लागली होती खरी, पण तिची नजर तेवढी राहिलेली नाही. शिवाला विचारलं, त्यानं कुणालाही फोन केला नव्हता. मी टीव्हीवर पुन्हा फोल्डर उघडून पाहिलं. तीच एरर.

सुनंदा म्हणते, टीव्हीनं जुना एखादा व्हिडिओ स्वतःच्या मेमरीत ठेवला असेल. शक्य आहे. आवाजाचं तसं म्हणता येईल. अव्वाला डुलकी लागली असेल, हेही म्हणता येईल. पण मी खाली बसलो होतो, हे तिला कुणी सांगितलं?

त्या दिवसापासून अव्वानं मला पासवर्डचं विचारलेलं नाही. मी मात्र अजून रविवारी बसतो आणि काही नवे शब्द टाकून पाहतो. फोल्डर उघडत नाही. वर्षभरानं, यंदाच्या येळवशीलाही आरोळी मीच दिली.