मुशीतलं कुंकू

कार्बन डायऑक्साइडवर हायड्रोजन सोडायचा आणि मिथेन, म्हणजे गोबरगॅसमध्ये जळतो तोच वायू, काढायचा हे माझ्या पीएचडीचं काम. हे दोन वायू आपणहून एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत; मध्यस्थ लागतो. माझा मध्यस्थ निकेल, ॲल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीवर बसवलेला. आईने शेजारी "पोरगी गॅसचं बघते" एवढंच सांगितल्यामुळे दोघीतिघी सिलिंडरचा नंबर लावायला येऊन गेल्या.

चौथ्या वर्षी या भुकटीचा एक घाणा जमला. आधीचे सगळे दोन दिवसांत मलूल व्हायचे; यातली चिमूटभर भुकटी चांगली आठवडाभर मिथेन देत राहिली. पुन्हा एकदा तसंच झालं की प्रबंध सुटला. उरलेली हिरवट करडी भुकटी टेबलावर चिनीमातीच्या वाटीएवढ्या मुशीत होती, झाकण धुवायला टाकलेलं.

त्या दिवशी खंडेनवमी. करमाडहून येणारे आमचे प्रयोगशाळेतले मामा दरवर्षी यंत्रांची पूजा करायचे: तराजूला झेंडू, भट्टीला टिळा. मी चहा पिऊन आले तर मुशीत, भुकटीच्या बरोब्बर मधोमध, हळदकुंकू आणि अक्षता.

"मामा, हे काय केलं?"

"ताई, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं तेच हाय ना? म्हून तिथं जरा लईच वाहिलं."

कुंकवात काय काय असतं कुणास ठाऊक. गंधकाचा अंशसुद्धा निकेलला विष. माझ्या मार्गदर्शक सरांनी मुशीत पाहिलं, "नवीन कर" म्हणाले आणि पूजेचा पेढा घेऊन गेले. मला रडू आलं. मामांना मी ताडताड बोलले.

निकेलचा क्षार यायला आणि मध्येच बिघडलेली भट्टी दुरुस्त व्हायला वर्ष गेलं. तोवर कुणी प्रबंधाचं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: काम झालंच होतं, कुंकवानं घालवलं. लोक हळहळायचे. उत्तर सोयीचं होतं.

नवा घाणा भट्टीत चढला तेव्हा पुन्हा खंडेनवमी आली होती. मामांनी बाकी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या टेबलापाशी आणि भट्टीपाशी मात्र ताट छातीशी धरून, अंग चोरून पुढे गेले. मला ते लागलं.

"मामा, भट्टीला तरी लावा."

"नको ताई. आधी तुमचं पार पडू द्या."

कृती तीच, तापमान तेच. पहिल्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर मिथेनचा उंच सुळका आला. दुसऱ्या दिवशी तो निम्मा झाला आणि संध्याकाळपर्यंत जवळपास सपाट. निकेलचे कण तापून एकमेकांना चिकटले असावेत. पहिल्या खेपेला ते का चिकटले नाहीत, हे मला आजही माहीत नाही. एकदाच झालेली गोष्ट प्रबंधात घालता येत नाही.

मामा दारातून डोकावले. माझा चेहरा पाहून तिथंच थबकले.

"ताई, देवाशप्पथ, औंदा म्या हातबी लावला नाय."

"माहीत आहे, मामा," मी म्हणाले आणि हायड्रोजनचा कॉक बंद केला.